न दुखता आलेली कावीळ अंगावर काढू नका: पित्तनलिकेचा कॅन्सर म्हणजे काय?

जालना जिल्ह्यातलं वडीगोद्री असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलं गाव, डोळे पिवळे दिसले की कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतंच. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय गळ्यातल्या माळेला मिळतं. पण पित्तनलिकेत गाठ असेल, तर हेच आठवडे महागात पडतात.

हा कॅन्सर नेमका कुठे होतो?

आपण 'पित्त झालं' म्हणतो ती ॲसिडिटी. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि बारीक नळ्यांमधून आतड्यात जातं. या नळ्यांच्या अस्तरात होणारा दुर्मिळ कॅन्सर म्हणजे कोलॅन्जिओकार्सिनोमा. गाठ वाढली की नळी तुंबते आणि पित्तातलं बिलिरुबिन रक्तात साचतं.

ही नळी आतड्याजवळ स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. त्यामुळे तिथल्या गाठीनेही अशीच कावीळ होऊ शकते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं १७ मार्च २०१९ रोजी निधन झालं, ते स्वादुपिंडाच्याच कॅन्सरने.

लक्षणं कोणती?

- पोटात फारसं न दुखता वाढत जाणारी कावीळ
- गडद लघवी, पांढुरकी शौच
- अंगभर खाज
- भूक मंदावणं, वजन घटणं

गुंतागुंत काय होते?

तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटदुखी एकत्र आली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, कारण संसर्ग रक्तात पसरू शकतो. पित्त आतड्यात न पोहोचल्याने 'के' जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो.

तपासणी आणि उपचार

सुरुवात रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने होते. गरजेनुसार सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी करतात. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया हाच बरं होण्याचा मुख्य मार्ग. ते शक्य नसेल, तर दुर्बिणीतून स्टेंट टाकून पित्ताची वाट मोकळी करतात आणि केमोथेरपी देतात.

मराठवाड्यातल्या रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

प्रत्येक कावीळ कॅन्सर नसते. पण ती कशामुळे झाली, हे माळ सांगत नाही, तपासणी सांगते.