नळीतला पीळ

पेनसिल्व्हेनियात नाताळ आटोपला की दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. १९७४ पासून चालत आलेल्या या हंगामात बंदूक लागते ती चकमकीची, तोंडाकडून ठासायची. बार एकच. तो चुकला की पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा गज. हरीण तोवर थांबत नाही. याच राज्यात लँकेस्टरच्या आसपास अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी युरोपातल्या आखूड 'येगर' रायफलीपासून लांब नळीची, मेपलच्या दस्त्याची रायफल घडवली. नाव मात्र झाले केंटकीचे.

अशी बंदूक घ्यायला निघालेल्याची नजर आधी दस्त्यावर आणि पितळी नक्षीवर जाते. पाहायला हवा तो नळीच्या आतल्या खाचांचा पीळ. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, ४८ ते ६६ इंचांत एक फेरा. लांबट गोळीला झपाट्याने फिरवावे लागते, २८ इंचांत एक. गोल गोळी घट्ट पिळाच्या नळीत घालून दारू वाढवली, तर ती खाचा सोडून घसरते आणि नेमाचा बोऱ्या वाजतो. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला हा प्रश्नच नसतो. तिची नळी आतून सपाट.

पण पिळाच्याही आधी नियम वाचावेत. मिसुरीच्या टोनी नाइट या बंदूक-कारागिराने १९८५ साली 'एमके-८५' ही रायफल आणली. चकमकीऐवजी दारू पेटवणारी टोपी, तीही थेट दारूच्या मागे, एका रेषेत. ठासणीची असली तरी आधुनिक रायफलीच्या वळणाची. जुन्या हत्यारांसाठी राखलेल्या हंगामात नवे हत्यार शिरले. कोलोरॅडोने आपल्या ठासणीच्या हंगामात प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी आणि दारूच्या तयार वड्या वर्ज्य ठेवल्या. मला यात आडमुठेपणा दिसत नाही. सवलत अडचणीसाठी होती, अडचणच काढून टाकायची तर सवलत कशाला?

खरी मेहनत चांदमारीच्या मैदानावर. ०.५० इंची नळीत साधारण ०.४९ इंचाची शिशाची गोळी बसते, वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम. उरलेली फट तेल-मेण लावलेली सुती कापडाची चकती भरते. उत्पादकाच्या मर्यादेत, मापाने, थोडी थोडी दारू वाढवत नेम कुठे एकवटतो ते पाहायचे. त्याहून बोलकी असते ती बारानंतर पुढे जमिनीवर पडलेली चकती. मधोमध जळली असेल तर कापड पातळ किंवा तेल अपुरे. कडेने कापली गेली तर नळीच्या खाचांना नाहीतर तोंडाला धार आहे. नुसती काळवंडून अखंड राहिली, की जोडी जमली. लक्ष्यावरच्या भोकांकडे बघत बसणारे ही चकती उचलतच नाहीत, याचे नवल वाटते.

गजावर दोन खुणा कराव्यात: रिकाम्या नळीची आणि भरलेलीची. गोळी दारूला टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते, फुटतेही. चकमकीची धार ताजी ठेवावी, कानात रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, बेताने घालावी. कोंबून भरली की बार रेंगाळतो. गोल गोळीचा वेग लवकर मरतो, म्हणून हरणावर शंभर यार्डांच्या आतच नेम धरतात.

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घन मळीच्या रूपात उरतो आणि ती मळी हवेतला ओलावा ओढते. त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवायची, कोरडी करून तेल द्यायचे. पुढच्या खेपेला ठासण्यापूर्वी मात्र ते तेल पुसून काढायचे. नाहीतर दारू भिजते आणि पहिलाच बार फुसका जातो.