गार दिव्याचा हिशेब

बंद पडलेल्या एलईडी बल्बची पांढरी टोपी काढली की आत एक गोल पत्रा दिसतो. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या चिपा बसवलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांतल्या एकीवर बारीक काळा ठिपका असतो. चिपा माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या. एक जळाली की सगळी माळ विझते. चिपा शाबूत असल्या तर पत्र्याखालचं सर्किट पाहावं. तिथल्या बारक्या नळकांड्याचं, म्हणजे कपॅसिटरचं, डोकं फुगलेलं सापडण्याचा संभव मोठा. खोक्यावर मात्र २५,००० तास छापलेले असतात. रोज पाच तास दिवा लावला तर साडेतेरा वर्षं! हा आकडा खोटा असतोच असं नाही. तो बहुधा चिपचा असतो, तिचा उजेड सत्तर टक्क्यांवर उतरायला लागणाऱ्या वेळाचा. ज्या भागापायी बल्ब जातो, त्याच्याबद्दल खोका गप्प राहतो.

यावर चटकन सुचणारं उत्तर म्हणजे, कंपन्या मुद्दामच लवकर जाणारा माल काढतात. या संशयाला इतिहासाचा आधारही आहे. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा गट बांधला, बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड लावला. पण गंमत अशी, की ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात १,००० तास ही तडजोड वाजवीच मानली. कारण त्या बल्बमधल्या तापलेल्या तारेचा स्वभाव. तिला कमी व्होल्टेज दिलं की ती जास्त जगते, पण मिणमिणते. व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं, उजेड मात्र सोळा टक्के घटतो आणि वीज वाचते जेमतेम आठ टक्के. आजच्या भाषेत मांडायचं तर ६० वॅटचा बल्ब हजार तासांत ६० युनिट खातो. युनिटला ८ रुपये धरले तर ४८० रुपये. पंधरा रुपयांचा बल्ब दुप्पट जगवला तर हजार तासांमागे साडेसात रुपये वाचतात, आणि तेवढाच उजेड हवा असेल तर विजेवर पंचेचाळीसेक रुपये जास्त जातात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब १९०१ पासून तेवतो आहे म्हणून त्याचं फार कौतुक होतं. तो उजेड देतो झिरोच्या बल्बाइतका. फीबसवाल्यांची नियत नफ्याचीच होती, पण नुसतं टिकणं आणि स्वस्त पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या काळातल्या बल्बपुरतं खरं होतं.

एलईडीने नेमकं हेच उलटं केलं. चिपमधून कमी करंट सोडला की ती कमी तापते, जास्त जगते आणि शिवाय प्रत्येक वॅटमागे जास्त उजेड देते. इथे आयुष्य आणि बचत एकाच बाजूला आहेत. कपॅसिटरचंही तसंच. १०५ अंशांना २,००० तास असा शिक्का असलेला साधा कपॅसिटर दर दहा अंश उतरताना दुप्पट जगतो, हा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम. म्हणजे ८५ अंशांना ८,००० तास आणि ६५ अंशांना ३२,०००. वीस अंशांत चौपट! आणि हे वीस अंश मिळवायला शोध लावायचा नसतो. थोडं जास्त ॲल्युमिनियम, दोन चिपांचं काम चार चिपांत वाटून देणं, कपॅसिटर उष्ण भागापासून जरा लांब बसवणं, एवढंच. भाग त्याच्या ताकदीपेक्षा हलका राबवायचा, ही अभियंत्यांची जुनी रीत.

मग तसं होत का नाही? दुकानदार सांगेल, गिऱ्हाईक भाव विचारतं, तास विचारत नाही. ही सबब पोकळ नाही. सरकारच्या ‘उजाला’ योजनेत बल्बचा खरेदीभाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ वर आला आणि त्या जोरावर ३६ कोटींहून जास्त बल्ब घराघरांत पोहोचले. भाव पाडणं हे तेव्हा मोठंच काम होतं. पण ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास वर्षभर जळला तर १६ युनिट खातो, म्हणजे सुमारे १३० रुपये. दर वर्षी बल्बच्या किमतीहून जास्त! तेवढाच उजेड साडेचार-पाच वॅटमध्ये मिळाला तर वर्षाला साठेक रुपये वाचतील, आणि शंभर रुपये महाग बल्बची जादा किंमत दोन वर्षांच्या आत वसूल होईल. अर्थात तो दोन वर्षं जगला तर. खोक्यावरच्या तासांवर विश्वास नसलेला माणूस स्वस्त बल्ब उचलतो, तो त्याच्या जागी बरोबरच असतो. दुकानात त्याला फुगणारा कपॅसिटर दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की तंत्र इतक्या झपाट्याने सुधारतं, तर तेरा वर्षं एकच दिवा कशाला? एलईडी नवे होते तेव्हा यात दम होता. आता प्रति वॅट दोनशे ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) गाठून झाले आहेत. पुढची सुधारणा थोडीथोडकीच असणार. हा टप्पा २०१६ मध्येच बाजारात आला, पण फक्त दुबईत. तिथल्या नगरपालिकेने फिलिप्सकडून करून घेतलेल्या ‘दुबई लॅम्प’मध्ये चिपांच्या कांड्या नेहमीपेक्षा जास्त घातल्या आणि त्या हळू चालवल्या, ३ वॅटमध्ये ६०० ल्यूमेन. इतरत्र हा दिवा वर्षानुवर्षं मिळत नव्हता. मग १ सप्टेंबर २०२१ पासून युरोपात दिव्यांच्या खोक्यांवर नवी श्रेणी आली. तिच्यात सर्वांत वरच्या ‘ए’ वर्गासाठी वॅटमागे २१० ल्यूमेन ही अट होती, आणि ती जाणूनबुजून अशी ठेवली होती की सुरुवातीला त्या वर्गात जवळपास कुणीच बसू नये. त्याच वर्षी फिलिप्सच्याच नावाचा, ४ वॅटचा आणि ५०,००० तासांचा दावा करणारा बल्ब तिथल्या दुकानांत आला. आपल्याकडच्या बल्बवरचे तारेही वॅटमागच्या उजेडावरूनच ठरतात. खोक्यावर कपॅसिटरचे तास अजून तरी दिसत नाहीत.