लेस्टरचे पत्र : सासूबाई, जरा बाहेर थांबा

इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळांच्या इमर्जन्सीत एक वेगळी खोली ठेवतात. दारे दोन, आतून अडवता न येणारी. खुर्च्या उचलून फेकता येणार नाहीत इतक्या जड. भिंतीला खुंटीसुद्धा नाही. जीव द्यायला निघालेला किंवा भ्रमात बडबडणारा रुग्ण इथे बसवतात. मानसोपचार विभागाच्या माणसाने तासाभरात यावे, असा दंडक आहे. आलेली नर्स आधी रुग्णाशी एकटीच बोलते, नातेवाईक बाहेर.

सोलापूरकराला हे खटकेल. आपल्याकडे कॅज्युअल्टीत रुग्णामागे आई, मामा, शेजारी, झालेच तर सरपंच. त्यांचा आधार खराच. पण सुनेला ‘काय झालं?’ म्हणून विचारले की उत्तर सासू देते, “चुकून पोटात गेलं हो.” पोलीस जबाबातही तेच उतरते. सासूबाई थोडा वेळ बाहेर थांबल्या तर काय बिघडेल?

२०२२ च्या इथल्या मार्गदर्शक सूचना तर म्हणतात, ‘धोका कमी’, ‘धोका जास्त’ असे शिक्के मारून मदत कुणाला द्यायची ते ठरवू नका. माणसाची हकीकत ऐका.

ऐकून झाल्यावर मात्र इंग्लंडही हात टेकते. रुग्णाला इमर्जन्सीतून हलवण्याची चार तासांची मर्यादा कागदावर. मनोरुग्णालयात खाट नसली की रुग्ण रात्र तिथेच काढतो, कधी पुढचा दिवसही. १९८३ च्या इथल्या मानसिक आरोग्य कायद्याने निघून जाऊ पाहणाऱ्या भरती रुग्णाला काही काळ थांबवून ठेवण्याचा अधिकार डॉक्टरला दिला, पण इमर्जन्सीतला रुग्ण अजून भरती नसतो, त्यामुळे तो अधिकार तिथे लागू नाही. मग शेजारी पगारी माणूस बसवतात. आपल्याकडे ते काम मावशी करते, तेही रात्रभर, फुकट.

कायद्यात आपण मागे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो, म्हणजे सांगोल्या-करमाळ्यातलाही. तरी ‘केस होईल’ या धास्तीने पोट धुऊन झाले की नातेवाईक सही करून रुग्ण घरी नेतात, आणि मनाची चौकशी राहून जाते.

इथे १११ फिरवून २ दाबले की मानसोपचाराचा माणूस फोनवर येतो. आपली टेली-मानस १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मराठीतही. डिस्चार्ज कार्डावर तेवढा नंबर लिहायला कुठल्या मंजुरीची गरज नाही.