विकत गेलेला रकाना

पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी साचले की पलीकडे सयाजीगंजात जाणाऱ्यांची अडचण होते. रेल्वेच्या रुळांखालचा हा रस्ता बडोद्यात सगळ्यांच्या पायाखालचा. म्हणून त्याच्याबद्दलची बातमी तपासायला कुणाला पत्रकार व्हावे लागत नाही. पाणी किती होते, पंप चालू होता की बंद, हे तिथून स्कूटर ढकलत बाहेर आलेल्या माणसाला ठाऊकच असते. राजकारणी आणि वर्तमानपत्रे यांचे नाते कसे चालते, ते उलगडायला अशीच डोळ्यांदेखतची बातमी घ्यावी.

समजा, एका वार्ताहराने गरनाळ्यावर जाऊन फोटो काढले, अडकलेल्या दोन रिक्षावाल्यांशी तो बोलला आणि महापालिकेच्या अभियंत्याला त्याने फोन लावला. सायंकाळी महापालिकेची प्रेसनोट आली: पावसाळापूर्व कामे वेळेत पूर्ण, पंप सज्ज. थोड्या वेळाने एका नगरसेवकाचा फोन आला, "जरा सांभाळून घ्या." रात्री पान लावताना जाहिरात विभागाकडून कळले की याच पानावर खाली महापालिकेची पाव पान जाहिरात आहे. बातमी काढून टाका, असे कुणीच म्हटले नाही. फक्त ‘गरनाळ्यात पुन्हा पाणी, वाहतूक ठप्प’ हा मथळा बदलून ‘मुसळधार पावसानंतरही पाण्याचा वेगाने निचरा’ असा झाला. रिक्षावाल्यांचे बोलणे शेवटच्या परिच्छेदात गेले आणि जागा कमी पडली म्हणून कापले गेले.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, कुठल्या एका दैनिकाचा नाही. पण त्यातला एकेक टप्पा बातमीदारीत उमेदवारी केलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. यात पैशाचे पाकीट कुठेच आलेले नाही. छापलेले प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेणाऱ्याला त्याच्याच शहराची खोटी गोष्ट कळते.

असे का होते, याचे उत्तर पेपरच्या जमाखर्चात आहे. पाच-सात रुपयांना मिळणाऱ्या अंकाचा कागद, शाई, छपाई, गाडीभाडे आणि विक्रेत्याचे कमिशन त्या किमतीतून निघत नाही. बाकीचा भार जाहिरात उचलते. मोठ्या शहरात मोटारी, बांधकाम, दागिने अशा जाहिराती मिळतात. जिल्ह्याच्या आवृत्तीला मात्र सर्वात खात्रीचा जाहिरातदार म्हणजे सरकार: निविदा, सूचना, योजना, उद्घाटने. ही जाहिरात कुणाला द्यायची आणि कुणाची थांबवायची, हे सत्तेवर असणारे ठरवतात. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, तोच खर्च भागवणार. वाचक पेपरला आपला मानतो, पण मालकाच्या वहीत त्याच्या नावावर फार थोडी रक्कम जमा असते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कुणाचे छायाचित्र नको, असे सांगितले. राज्य सरकारे फेरविचारासाठी गेली आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचे चेहरे परत आले. मला छायाचित्रापेक्षा वाटप जास्त घातक वाटते. चेहरा निदान दिसतो. कुणाची जाहिरात टीका छापल्यावर बंद झाली, हे पानावर कुठेच उमटत नाही.

तालुक्याच्या पातळीवर हाच व्यवहार आणखी उघडा होतो. मराठी दैनिकांच्या अनेक तालुका वार्ताहरांना मानधन नाममात्र असते, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. आमदारांचा वाढदिवस आला की पुरवणी निघते आणि पतसंस्था, बाजार समिती, सरपंच, ठेकेदार सगळ्यांकडून ‘हार्दिक शुभेच्छा’ गोळा करायची जबाबदारी त्याच वार्ताहरावर येते. वर्धापनदिनाच्या विशेषांकाला वेगळे लक्ष्य ठरलेले असते. ज्या आमदाराच्या माणसांकडून त्याने सोमवारी पाव पान आणले, त्याच आमदाराच्या रस्त्याच्या कामातला घोळ तो गुरुवारी कसा लिहील? त्या माणसाला दोष देणे सोपे आहे. त्याला या जागी बसवणारी रचना वर, मालकाच्या कार्यालयात ठरते.

हे वर्षभराचे झाले. निवडणुकीत याच नात्याला दरपत्रक लागते. ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला तो २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त त्या ऑक्टोबरच्या अखेरीस लिहिले की उमेदवारांना ‘कव्हरेज पॅकेज’ विकली गेली आणि पैसे न देणाऱ्यांची नावेच पानांवरून गायब झाली. मग ३० नोव्हेंबरला त्यांनी एकच उदाहरण घेऊन ते पुराव्यानिशी मांडले: तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि त्यांचा नांदेड जिल्ह्यातला भोकर मतदारसंघ.

ते ज्या रीतीने मांडले, ती इथे नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती कुणालाही वापरता येते. निवडणुकीच्या काळातले अंक जमवून समोरासमोर ठेवले. चव्हाणांच्या कारकिर्दीचे गुणगान करणारी रंगीत पूर्ण पाने मोजली, तर ती डझनावारी भरली. काही पाने ‘अशोकपर्व’ या नावाने निघाली होती. कुठेही ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. ‘तरुण, तडफदार नेतृत्व’ अशा धर्तीचा एक लेख तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत शब्दशः तोच होता. तीन वेगळे बातमीदार, तीन वेगळी संपादकीय टेबले आणि स्वल्पविरामासकट एकच मजकूर. आता उमेदवाराने निवडणूक अधिकाऱ्याकडे दिलेला हिशेब पाहा: जाहिरातींवर ११,३७९ रुपये, त्यांपैकी वर्तमानपत्रांवर ५,३७९ आणि उरलेले केबल टीव्हीवर. एवढ्या पैशांत रंगीत पूर्ण पान सोडाच, त्याचा कोपराही येत नाही.

चव्हाणांनी पैसे दिल्याचा इन्कार केला. ही पाने आम्ही स्वखुशीने छापली, असे वृत्तपत्रांच्या बाजूने सांगण्यात आले. भोकरमध्ये पराभूत झालेले माजी मंत्री माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाला हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करता येते का, याच मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने ‘येते’ असे उत्तर दिले. हा निकाल मोलाचा आहे. नुसता कागद वेळेवर भरला की उमेदवार सुटला, ही समजूत त्याने मोडली. पुढे जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचे ठरवून चव्हाणांना नोटीस काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. चव्हाण अपात्र ठरले नाहीत. लेख छापल्यापासून पाच वर्षे होत आली होती आणि त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती.

खरी मेख इथे आहे. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हा नाही. कायदा विचारतो ते एवढेच की उमेदवाराने खर्च लपवला का? कलम ७७ प्रमाणे हिशेब ठेवायचा आणि तो नीट दिला नाही तर कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता. म्हणजे गुन्हा ठरतो तो वाचकाला फसवल्याचा नव्हे, आकडा दडवल्याचा. आकडा सिद्ध करायला पावती हवी आणि हा व्यवहार पावतीशिवायच होतो. देणारा नाही म्हणतो, घेणारा नाही म्हणतो, आणि दोघांचेही हित गप्प राहण्यात असते. शिवाय ज्याने रकाना विकला, त्या वृत्तपत्राला या कायद्याखाली दंडही होत नाही.

उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांचे प्रकरण मात्र तडीला गेले. २००७ च्या निवडणुकीत बातमीच्या रूपात आलेल्या मजकुराचा २१,२५० रुपये खर्च त्यांनी दाखवला नव्हता, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पेड न्यूजपायी पद गमावणाऱ्या त्या पहिल्या आमदार. नांदेडची डझनावारी पाने सुटतात आणि एकवीस हजारांचा मजकूर अडकतो, हा फरक रकमेचा नसून पुराव्याचा आहे.

वृत्तपत्रांनी स्वतःच्या घरात काय केले? भारतीय प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने २०१० च्या एप्रिलमध्ये नावानिशी, तपशीलवार अहवाल दिला. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने तो बाजूला ठेवून बराच आटोपशीर, नावे वगळलेला अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल संकेतस्थळावर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. कौन्सिलकडे १९७८ च्या कायद्याने ताकीद देण्याचा आणि निषेध नोंदवण्याचाच अधिकार आहे, दंडाचा नाही. तरीही स्वतःच नेमलेल्या समितीचे काम झाकून ठेवणे मला अक्षम्य वाटते.

२०१० पासून निवडणूक आयोगाने जिल्हावार माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. त्यांचे काम असे चालते. समिती रोजचे पेपर आणि वाहिन्या पाहते. एखादी बातमी पेड वाटली, तर प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतो. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्या जागेची किंमत सरकारी जाहिरातदराने काढून उमेदवाराच्या खर्चात मिळवतात. प्रत्यक्ष पैसे दिले की नाही, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. विधानसभेला मोठ्या राज्यांत सध्या ४० लाखांची मर्यादा आहे, तिच्याजवळ पोहोचलेल्या उमेदवाराला हे झोंबू शकते. वाचकालाही या समितीकडे तक्रार करता येते. मात्र अंक जपून ठेवा, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक लिहा आणि तीच बातमी दुसऱ्या पेपरात तशीच सापडली तर दोन्ही कात्रणे जोडा. अलकापुरीच्या एखाद्या सोसायटीत गुजराती, मराठी, इंग्रजी असे तीन-चार पेपर सहज येतात. दुपारी ते शेजाऱ्यांकडून मागून घेतले, तरी एवढी तुलना घरबसल्या होते.

पेड बातमी ओळखायच्या काही खुणा आहेत. तिला बातमीदाराचे नाव नसते. उमेदवाराच्या सभेला ‘अभूतपूर्व प्रतिसाद’ मिळतो, पण आकडा, जागा, विरोधकाची प्रतिक्रिया यांतले काही नसते. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा विजय ‘निश्चित’ असतो. कधी टंक नेहमीपेक्षा वेगळा असतो, कधी कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मीडिया मार्केटिंग’ किंवा ‘इम्पॅक्ट फीचर’ असे लिहिलेले असते.

मालकीची गोष्ट मात्र या खुणांनी कळत नाही. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचा आणि राजेंद्र दर्डा चव्हाणांच्या मंत्रिमंडळात होते. ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे आहे. ‘सामना’ १९८८ मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणून निघाला आणि तो स्वतःला उघडपणे मुखपत्र म्हणवतो. राजकीय बाजू असण्यात मला काही वावगे दिसत नाही. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’ला बाजू होतीच आणि ती वाचकाला ठाऊक होती. माहीत असलेली बाजू वाचक वजा करून वाचतो. तटस्थतेच्या मथळ्याखाली आलेली बाजू त्याला वजा करता येत नाही, आणि पेड न्यूजमध्ये हेच विकले जाते: पेपरच्या नावावर वर्षानुवर्षे साठलेला विश्वास.

बडोद्याला याची झळ कशी बसते, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने दाखवले. पाणी घरात शिरलेल्या माणसाला परिस्थिती नियंत्रणात असल्याचे सरकारी निवेदन वाचून दाखवायची सोय नव्हती. अशा दिवसांत बातमीदार पाण्यात उतरून लिहितात आणि ते छापलेही जाते, कारण सारा गाव साक्षीदार असतो. अडचण पूर ओसरल्यावरच्या महिन्यांत येते. नदीपात्रातल्या बांधकामांना परवानगी कुणी दिली, गटारांच्या कामांचे ठेके कुणाला गेले, हे खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या फायलींत शोधावे लागते. त्याला एका बातमीदाराचे कित्येक दिवस आणि संपादकाची पाठराखण लागते, आणि त्याच महिन्यांत दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करायच्या असतात.

विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये २५५ व्या अहवालात पेड न्यूजची कायद्यात व्याख्या करून ती देणे-घेणे हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. निवडणूक आयोगही किमान दोन वर्षांच्या शिक्षेची तरतूद मागत आला आहे. ही दुरुस्ती करायची आहे ती संसदेने, म्हणजे निवडणुकीत हीच पाने ज्यांच्यासाठी छापली जातात त्यांनी. तोवर आपल्या हातात राहते ती खासदार मत मागायला सोसायटीच्या फाटकात आल्यावर त्यांना या दुरुस्तीबद्दल विचारण्याची संधी आणि संपादकांना पत्र लिहून, गेल्या वर्षभरात सरकारकडून किती जाहिराती आल्या त्याचा आकडा छापा, अशी मागणी.