नौकांचा वेग आणि लाटांचे नियमन
शिरपूरजवळ सावळद्याच्या पुलाखाली तापीच्या संथ पात्रात कोळ्यांची नाव ज्याने पाहिली आहे, त्यास यंत्रनौकेमागे उठणाऱ्या लाटेचे भय निराळे सांगावयास नको. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. ती मातीचे काठ खचविते आणि धक्क्याशी बांधलेल्या होड्या आपटविते. नौका नाक उचलून अर्धवट वेगाने जाते तेव्हाच लाट सर्वांत मोठी उठते. सबब धक्क्यापाशी वेग किंचित नव्हे, पुरता उतरविणे अगत्याचे होय. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनी प्रत्येक नौकेस सुरक्षित वेगाचे बंधन घातले आहे; आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान नौका ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा त्या बंधनाची कसोशीने अंमलबजावणी करणे हे सरकारचे आणि प्रत्येक तांडेलाचे कर्तव्यच ठरते.