सर्जनचा आकडा कसा वाचावा?

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या 'न्यूजडे' या दैनिकाने कोर्टात भांडून मिळवलेली एक यादी छापली. बायपास करणारे सर्जन आणि त्यांचे किती पेशंट दगावले, याची. राज्याचं आरोग्य खातं १९८९ पासून ही माहिती गोळा करत होतं. हॉस्पिटलांचे आकडे त्याने जाहीर केले होते, सर्जनांची नावं मात्र त्याला झाकून ठेवायची होती. लोकांना हे कळायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण अशी यादी हातात आली की आपण निकालपत्रासारखी वरून खाली वाचतो, आणि तिथेच फसतो.

समजा, शंभर सर्जन आहेत, सगळे सारखेच कुशल. पेशंटही सारखेच, आणि शस्त्रक्रियेत मृत्यूची शक्यता शंभरात तीन. प्रत्येकाने वर्षभरात शंभर बायपास केल्या, तर निव्वळ योगायोगाने त्यांतल्या पाचेक जणांचा एकही पेशंट दगावणार नाही आणि आठेक जणांचे सहा किंवा त्याहून जास्त दगावतील. छापील यादीत पहिले देवमाणूस ठरतील, दुसऱ्यांकडे कुणी फिरकणार नाही. पुढच्या वर्षी नावांची अदलाबदल होईल. म्हणून न्यूयॉर्कचं खातं पुढे सर्जनांचे तीन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करून देऊ लागलं, आणि प्रत्येक दराशेजारी तो योगायोगाने कुठून कुठपर्यंत हलू शकतो, तेही. त्या टप्प्यात राज्याची सरासरी येत असेल, तर हा सर्जन सरासरीपेक्षा बरा की वाईट हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. बहुतेक सर्जन याच गटात मोडतात.

दुसरी गोम पेशंटची. एकाचे शंभरातले दोन दगावले, दुसऱ्याचे चार. पण पहिल्याकडे धडधाकट माणसं येतात, त्यांची वयं-आजार पाहता १.२ मृत्यू अपेक्षित होते. दुसऱ्याकडे ऐंशीच्या घरातले, किडनी निकामी झालेले, तिथे ५.५ अपेक्षित होते. म्हणजे चार मृत्यूंचा सर्जनच सरस. हा हिशेब करायचा तर पेशंटचे आजार नोंदवावे लागतात, आणि ते नोंदवतं कोण? सर्जनचंच हॉस्पिटल! १९८९ ते १९९१ या काळात न्यूयॉर्कच्या नोंदींत फुफ्फुसाचा जुनाट विकार असलेल्या बायपास पेशंटचं प्रमाण ६.९ टक्क्यांवरून १७.४ टक्क्यांवर गेलं. एवढ्या माणसांची फुफ्फुसं दोन वर्षांत बिघडली असतील, हे पटत नाही. आधी न लिहिलेलं लिहिलं गेलं, काही फुगवूनही. त्याचा परिणाम पाहा: १९८९ ते १९९२ दरम्यान प्रत्यक्ष मृत्युदर ३.५२ वरून २.७८ टक्क्यांवर आला, पण आजारपण जमेस धरून काढलेला दर ४.१७ वरून थेट २.४५ वर. सुधारणा झालीच, पण ती नेमकी किती, हे सांगणं अवघड. पेनसिल्व्हेनियातही अशी माहिती छापली जात होती. तिथल्या १९९६ च्या एका पाहणीत बहुसंख्य हृदय-सर्जनांनी कबूल केलं, की अतिगंभीर पेशंट घ्यायला ते आता कचरतात.

मग आकडे नकोतच का? तसं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं हॉस्पिटल आठवावं. तिथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू फार होतात, हे एका भूलतज्ज्ञाने नोंदी ठेवून दाखवलं. वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही. २००१ च्या चौकशी अहवालाने १९९१ ते १९९५ मध्ये एक वर्षाखालच्या मुलांचे तीस ते पस्तीस जादा मृत्यू झाल्याचं म्हटलं. तिथला फरक योगायोगात बसणारा नव्हताच. सरासरीपासून खरोखर दूर गेलेला शोधायला हे आकडे उपयोगी पडतात. सातवा की अकरावा हे ठरवायला नाहीत.

तेव्हा हॉस्पिटलच्या पत्रकावर '९८ टक्के यश' दिसलं, तर किती शस्त्रक्रियांमधलं, किती वर्षांतलं आणि कसले पेशंट परत पाठवून, एवढं अवश्य विचारा.