मेन स्विच कुठे आहे?

जिवतीच्या डोंगरात कोणत्याही घरी विचारा, "भाऊ, तुमचा मेन स्विच कुठे आहे?" घरधनी लगेच बोट दाखवील. पण घरची बाई म्हणेल, "मला नाही बा ठाऊक!" आणि दिवसभर घरात असते ती बाईच.

मेन स्विच म्हणजे साऱ्या घराची वीज बंद करणारे मोठे बटन. पाटाचे तोंड बांधले की सगळे वाफे कोरडे. तसेच हे.

तो शोधायचा कसा? विजेच्या वाटेने चला. खांबावरून तार मीटरात येते. मीटरातून ती मेन स्विचात जाते. तिथून दिव्याला, पंख्याला. म्हणून आधी मीटर पाहा. ते बहुधा ओसरीच्या भिंतीवर, दाराजवळ असते. मेन स्विच त्याच्याच आसपास सापडतो. जुना असेल तर लोखंडी पेटी आणि बाजूला दांडा. नवा असेल तर लहानसा खटका. आता कोरड्या हाताने तो बंद करून पाहा. सारे दिवे विझले, म्हणजे तोच मेन स्विच.

कुणाच्या घरी मेन स्विच नसेलही. त्यांनी वायरमनकडून तो आधी बसवून घ्यावा.

समजा, पोराला विजेने धरले. माय धावते, पोराला कवटाळते. मग वीज दोघांनाही धरते! माये, आधी मेन स्विच बंद कर, मग पोराला हात लाव. स्विच दूर असेल तर कोरड्या फळीवर उभी राहा. कोरड्या लाकडाने तार बाजूला सार. मग दवाखाना गाठ.

घरातल्या तारेने पेट घेतला, तरी आधी मेन स्विचच बंद करावा. वीज चालू असताना पाणी टाकू नये.

मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेत वीज असतेच. ती तुटून पडली तर जवळ जाऊ नका. १९१२ या नंबरावर फोन करा.

कापूस घरात आला की आपण त्याचा ढीग भिंतीला लावतो. मेन स्विच त्यामागे दडतो. ठिणगी पडली तर कापूस भडकेल, आणि स्विचपर्यंत हात पोचणार नाही. ती जागा मोकळी ठेवा.

आज दिवस मावळण्याआधी घरातल्या सर्वांना मेन स्विच दाखवा. म्हाताऱ्या आईलासुद्धा!